पूजेत ठेवलेली टाकी

वल्लमच्या चढावर ऑटो वळली आणि विनुतानं कान टवकारले. घरघर ऐकू येत नव्हती. शेडमागं बसवलेलं टाकी गार ठेवायचं यंत्र, सगळे त्याला चिलर म्हणत, गेले चार दिवस अखंड घरघरत होतं. इतकं की कामाच्या बायका त्याच्या तालावर गुणगुणायला लागल्या होत्या. आता तिथं शुकशुकाट.

“करंट गेला असेल गे,” शेजारी बसलेली राजमआत्या म्हणाली.

करंट गेलेला नव्हता. चढाच्या तोंडाशी चहाच्या टपरीत पंखा गरगर फिरताना विनुतानं आत्ताच पाहिला होता. ऑटो थांबायच्या आधीच तिनं पाय खाली टाकला आणि पापनाशमहून सणासाठी आणलेल्या ऐंशी वर्षांच्या आत्याला बोचक्यासकट तशीच सोडून ती धावत सुटली.

शेडच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते. चौकटीवर झेंडूची माळ. आत, टाकीसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे वडील वादिराज बसले होते. कपाळावर अंगारा-अक्षत, खांद्यावर जरीकाठी उपरणं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू आत्ताच मुलीचं कन्यादान करून उठलेत.

“आलीस कां? ये. अस्की झालं,” ते म्हणाले. अस्की म्हणजे सगळं. “राहुकाळाच्या आधीं अस्की निर्विघ्न झालं.”

सगळं म्हणजे खरोखर सगळं. द्राक्षं चिरडायच्या यंत्राला गंध, पंपाला गंध, रबरी नळीला गंध, छाटणीच्या कात्र्यांना ओळीनं गंध-कुंकू, तराजूला फूल. टाकीतली सालं खाली दाबायचा लांब दांड्याचा दट्ट्या केळीच्या पानावर उभा करून त्याला दुसरं उपरणं नेसवलेलं, अगदी मुंजीतल्या बटूसारखा. आणि भिंतीवर मेन स्विचचा लोखंडी खटका खाली ओढलेला. त्याच्याही कपाळी कुंकवाचा ठसठशीत टिळा.

“अय्यांनी पहाटे स्वतः चंदन उगाळलं, अक्का,” सुंदरी तमिळमध्ये कौतुकानं सांगू लागली. शेडचं सगळं बघणारी ही बाई, विनुताचा उजवा हात; वादिराजांना ती अय्या म्हणायची. “मी फक्त खटका ओढला. यंत्रालाही एक दिवस आराम नको?”

विनुतानं टाकीच्या तापमापकाकडं पाहिलं. सकाळी ती पापनाशमला निघाली तेव्हा अठ्ठावीस होतं. आता चौतीस. त्या काचेच्या नळीलाही चंदनाचा ठिपका होता.

आता दोष कुणाला द्यायचा? द्यायचाच तर विनुताला. आवतण तिनंच दिलं होतं.

विनुता चव्वेचाळीस वर्षांची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढली, रसायनशास्त्र शिकली आणि नोकरीसाठी थेट नाशिकला गेली. तिथं बाळकृष्णरावांचा मोठा द्राक्षमळा, त्याच मळ्यात त्यांची वायनरी. स्वतःची वेल, स्वतःचं फळ, स्वतःची बाटली, आणि फवारणीत औषधाचा थेंब नाही. अकरा वर्षं ती तिथं राबली. तिथली माणसं तिच्या मराठीला हसायची, पण तिच्या नाकावर विश्वास ठेवायची. मग आईच्या वाट्याची वल्लमची तीन एकर तांबडी जमीन तिच्या नावावर झाली आणि हिनं तिथं वेली लावल्या. भाताच्या मुलखात दारूची द्राक्षं! नातेवाइकांनी आधी हसून घेतलं, मग नाकं मुरडली, आणि शेवटी पोरगी हट्टाला पेटलीये म्हणून नाद सोडला.

पाच वर्षं. दोनदा पावसात पानांवर केवडा रोग आला आणि वेली पांढऱ्या पडल्या. फवारा मारला असता तर पीक वाचलं असतं. हिनं नाही मारला. बायका लावून एकेक पान खुडलं, आणि पीक गेलं ते गेलंच. यंदा कुठं पहिल्यांदा घड धरले, त्यांची ही हजार लिटरची एक टाकी भरली. सरकारी परवाना प्रायोगिक होता, एका हंगामापुरता. या टाकीचा नमुना पास झाला तर तो कायम होणार, नाही तर शेडला कुलूप. आणखी पाच वर्षं काढायची ताकद आपल्यात उरलेली नाही हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःला ती रोज सांगत होती.

वादिराज संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी कधी विरोध केला नाही, भांडण तर नाहीच. मळ्यात यायचे, द्राक्षं खायचे, गल्लीत वाटायचे. पण शेडच्या उंबऱ्याला त्यांचे पाय कधी लागले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “मुलगी शेती करतें.” हे शेती करतें विनुताला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

म्हणून गेल्या आठवड्यात ती धीर करून म्हणाली होती, “अप्पा, नवमीला शेडवर या ना. तुमच्या हातानं पूजा करा.” तिच्या डोळ्यांपुढं नाशिकची खंडेनवमी होती. यंत्राला हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि लगेच बटण दाबायचं. यंत्र सुरू झालं की टाळ्या. पण हे नाशिक नव्हे. इथं नवमीला पूजेत ठेवलेल्या हत्याराला दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावत नाहीत. लहानपणी हाच तर तिचा वर्षातला सगळ्यात लाडका दिवस! पुस्तकं सरस्वतीपुढं, अभ्यास कर म्हणायची कुणाची टाप नाही. ती पुस्तकं तिला आठवत होती. यंत्रांचं तिच्या डोक्यातच आलं नाही. घरच्याच रीतीत तंजावूरची पोर फसली होती.

“अप्पा, चिलर लावायलाच हवा,” ती म्हणाली. “आणि दट्ट्याही. आत्ताच्या आत्ता.”

“उद्यां पहाटे गे. पुनर्पूजा झाली मणजे मींच माझ्या हातानें लावतों.”

“तोवर हे मरेल, अप्पा. आतला रस उकळतोय, त्याची आग तोच निर्माण करतो. सालं वर येऊन त्यांचा थर बसतो, तो दिवसातून चारदा खाली दाबावा लागतो. नाही दाबला की थर तापतो आणि आंबतो. चाळिसाच्या वर गेलं तर रस मेला. व्हिनेगर होतं त्याचं.”

वादिराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात चुकीचं उत्तर ऐकून घ्यायचे तसं.

“देवापुढें ठेवलेलें नासेल कसें, विनू?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “पांच वर्षें मीं इकडे आलों नाहीं. चुकलं माझं. आज पहिल्यानें आलों, हातानें पूजा केली, आणि घटकाभरानें ती मोडायची? करूं होईना तें.”

पाच वर्षं विनुता या एका वाक्याची वाट पाहत होती. चुकलं माझं. आणि ते आलं तर असं, टाकीचा गळा धरून.

तिनं बर्फाच्या कारखान्याला फोन लावला. मशीनला पूजा झाली अम्मा, उद्या या. दुसऱ्या कारखान्यात फोन कुणी उचललाच नाही. गावातल्या सगळ्या यंत्रांनी कपाळाला कुंकू लावून रजा घेतली होती. मग तिनं नाशिकला फोन लावला. बाळकृष्णराव हार-तुऱ्यांच्या गोंधळात होते, मागं टाळ्या ऐकू येत होत्या.

“अगं, तू खुळी का काय?” ते ओरडले. “नमस्कार कर आणि दाब ते बटण!”

“इथं तसं चालत नाही, साहेब.”

“मग मूठभर सल्फर टाक. निदान आंबणं तरी थांबेल.”

“ठेवलंच नाही. शेडमध्ये आणायचंच नाही असं ठरवलं होतं.”

“तुझा बाणेदारपणा आता तुझ्याच मुळावर आलाय,” ते म्हणाले, आणि मग आवाज उतरला. “हातानं दाब, पोरी. पण डोकं आत घालू नकोस. टाकीतला वायू गुपचूप जीव घेतो.”

हातानं! तिनं आत्याकडं पाहिलं. राजमआत्या एव्हाना आपलं बोचकं घेऊन आत येऊन टेकली होती. घरात सोवळं-ओवळं, सुतक, पारणं, कशाचाही पेच पडला की निवाडा आत्याचा. तिच्यापुढं वादिराजही धाकटा भाऊच.

“बटण लावूं नये,” आत्या म्हणाली. “दट्ट्यास शिवूं नये. तें खरं. पण हात कांय कोणी पूजेंत ठेवले आहेत? आणि तो कांचेचा नळा नुसता बघायला कांय हरकत?”

वादिराज हसले. “हातांस कोण नको मणतो?”

मग काय विचारता! विनुतानं हात कोपराच्या वरपर्यंत धुतले, लाकडी पेटीवर चढली आणि टाकीत हात घातले. सालांचा थर वीतभर जाड झाला होता, वरून कोरडा, आत भाजेल इतका गरम. दट्ट्यानं दोन मिनिटांत होणारं काम हातांनी होता होईना. एका बाजूनं दाबावं तर दुसरी बाजू वर. मूठ मूठ फोडून ती थर खाली ढकलत होती, जांभळा रस खांद्यापर्यंत उडत होता. सुंदरी दुसऱ्या बाजूनं चढली. आत्या खाली बसून मोठ्यानं आकडे मोजायला लागली. दहा झाले की दोघींनी तोंडं बाहेर काढून श्वास घ्यायचा असा तिनं कायदाच केला. एकदा विनुतानं तो मोडला. आणखी एक ढेकूळ फोडावं म्हणून ती वाकली आणि डोळ्यांपुढं एकदम काळोख आला. सुंदरीनं वेणी धरून तिला मागं खेचलं आणि अक्का-बिक्का विसरून दोन शिव्या हासडल्या.

छत्तीस.

विहिरीवरचा पंपही पूजेत होता. म्हणून बायकांनी स्वयंपाकाची पातेली दोरीला बांधून पाणी शेंदलं. टाकीला गुंडाळायला कापड कुठलं? आत्यानं बोचकं सोडलं. सणात नेसायला आणलेली तीन सुती लुगडी तिनं एकापाठोपाठ एक पुढं केली. ओली लुगडी टाकीभोवती गुंडाळली गेली, त्यांवर पातेल्यांनी पाणी ओतणं सुरू झालं. शेडमध्ये घोटाभर चिखल झाला. वादिराजांनी धोतर वर खोचलं आणि तेही रांगेत उभे राहून पातेली पुढं देऊ लागले. शहात्तरीचा माणूस. मुलीसाठी जिवाचं रान करत होता, आणि दोन हातांवरचा खटका मात्र वर करू देत नव्हता! विनुताला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

सदतीस. अडतीस. साडेअडतीस.

पाचच्या सुमाराला तिच्या हातांतला जीव गेला. बोटं मिटेनात. ती पेटीवरून उतरली आणि सरळ भिंतीकडं चालत गेली. पातेल्यांची रांग थांबली. तिनं जांभळा हात वर केला आणि खटक्यावर ठेवला. कुंकू बोटाला लागलं.

“अक्का,” सुंदरी पुटपुटली.

विनुतानं मागं वळून वडिलांकडं पाहिलं. त्यांनी अडवावं, ओरडावं, काहीतरी करावं. मग तिनं तो खटका वर केला असता, नक्की केला असता.

वादिराज रिकामं पातेलं हातात धरून उभे होते. “लाव,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या जिवाला इतकें होत असेल तर लाव, विनू. मीं तिकडे बघतों.” आणि खरंच त्यांनी तोंड फिरवलं. दाराबाहेर वेलींकडं बघत उभे राहिले.

तिचा हात तिथंच राहिला. एवढीशी गोष्ट, बोटभर लोखंड. पण हा माणूस पाच वर्षांनी उंबरा ओलांडून आत आला होता, आणि आता पाठ करून उभा होता, तिला सोपं जावं म्हणून. हात खाली आला. कसा आला ते तिलाही कळलं नाही.

“अजून चाळीस झालेलं नाही,” ती मोठ्यानं म्हणाली. कुणी विचारलेलं नसताना. “ऊन उतरलंय. आता खाली येईल.”

आणि आलंही! सहाला अडतीस. साडेसहाला सदतीसच्या किंचित वर. बायका हसायला लागल्या. आत्यानं टाकीवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. निघताना वादिराजांनी मुलीचे सुजलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले. आत्याला घेऊन ते शेवटच्या टाउन बसनं घरी गेले. सुंदरी आणि बायकाही आपापल्या घरी गेल्या. विनुता पुन्हा पेटीवर चढली. आपण दोन्ही राखलं, टाकीही आणि अप्पाही, असं तिला वाटलं. इतकं सुख तिला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मग कधीतरी पोत्यांवर टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

तिला जाग आली ती वासानं. बाहेर फटफटलं होतं. शेडमध्ये फळाचा वास नव्हता; नाकात घुसणारा, डोळ्यांना पाणी आणणारा आंबट वास होता, नखांना लावायच्या रंगाचा असतो तसा. तापमापक बघायची गरज नव्हती, तरी तिनं बघितलं. एक्केचाळीस. लुगडी टाकीवर वाळून कडक झाली होती. कुणी नव्हतं पाणी घालायला. ती झोपली होती.

तिनं सालं बाजूला सारून पेलाभर रस काढला आणि घोट घेतला. जिभेला चटका बसला. ती थुंकली. परत एक घोट घेतला, परत थुंकली, जणू दुसऱ्यांदा चव वेगळी लागणार होती. मग पेला तसाच हातात धरून ती पेटीवर बसली. रडू येत नव्हतं. पाच वर्षं, खुडलेलं एकेक पान, सगळं त्या पेल्यात होतं आणि ते आंबलं होतं.

सुंदरी दारात येऊन थबकली. तिलाही तो वास कळत होता. तो ओळखायला विनुतानंच शिकवलं होतं. तिच्या तोंडाला पदर गेला. “अय्यांना सांगायचं?”

“नाही,” विनुता म्हणाली. “कुणालाच नाही. आज नाही.”

वादिराज सव्वासहाला आले. न्हालेले, नवं धोतर नेसलेले, मागून आत्या काठी टेकत. “कसला आंबूस वास गे?” आत्यानं विचारलं. “असाच असतो,” विनुता म्हणाली. वादिराजांनी कापूर लावला, यंत्रांवर अक्षता टाकल्या, खणखणीत आवाजात श्लोक म्हटले. दट्ट्याचं उपरणं सोडून घडी घातलं. मग भिंतीपाशी गेले, खटक्याला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी तो वर ढकलला. शेडमागं चिलर घरघरायला लागला.

“बघ!” ते म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. “एक दिवस विसावा दिला तर कसें जोमानें चालतें बघ.”

“हो अप्पा.”

मग ते तिच्यासमोर आले. त्यांनी उजवा हात पुढं केला. तळवा खोलगट, डावा हात खाली. देवळात घेतात तसा.

“तीर्थ दे,” ते म्हणाले.

“कसलं?”

“ह्याचेंच. तुझ्या रसाचें. द्राक्षासव मणून घेतों. आमच्या आजोबांनीं औषध मणून घेतलेलें आहे, मींच कां नको घेऊं?”

“वादी!” आत्या जवळजवळ किंचाळली.

“तयार नाही झालं अजून, अप्पा,” विनुता म्हणाली. “नंतर घ्या. महिन्याभरानं.”

“नंतर नको. पांच वर्षें नंतर नंतरच केलें मीं.” त्यांचा हात तसाच पुढं होता.

पेला तिच्या हातातच होता. तिनं तो कलता केला. वादिराजांनी डोळे मिटले, तळव्यातला रस तोंडात घेतला. एक क्षणभर त्यांचा चेहरा आक्रसला. मग त्यांनी गिळलं, आणि ओला तळवा आधी डोळ्यांना लावला, मग डोक्यावरून फिरवला.

“आंबट आहे,” ते म्हणाले. “पण छान आहे गे. असेंच असतें ना हें?”

सुंदरी झटकन बाहेर निघून गेली.

“हो अप्पा,” विनुता म्हणाली. “असंच असतं.”

“आणखीं थोडें दे,” वादिराज म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात पुढं केला. विनुतानं पेला कलता केला.